सॉफ्टवेअर मारण्याआधी

आमच्या सोलापुरात मोबाइल बिघडला की दुकानदार तो हातात घेतो, दोनदा उलटासुलटा करून पाहतो आणि ठरलेले वाक्य बोलतो, ‘सॉफ्टवेअर मारावं लागेल.’ फोन हँग होत असो, एखादे ॲप उघडताच बंद पडत असो, की दुपारी बॅटरी पाण्यासारखी उतरत असो, निदान एकच आणि औषधही एकच. या ‘मारण्या’त फोटो जातात, बचत गटाचे संदेश जातात, गावाकडच्या माणसांचे नंबर जातात, आणि फोन जसा खोक्यातून निघाला होता तसा कोरा होऊन परत मिळतो. तो पुढे काही दिवस बरा चालतो, म्हणून औषध लागू पडले असे आपण समजतो. नेमके काय बिघडले होते, हे दुकानदाराने फोनला विचारलेले नसते, आणि असे विचारता येते हे आपल्याला ठाऊक नसते.

मी अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्यात हिशेबाचे काम पाहतो. संगणकाची आवड जुनी असल्यामुळे कार्यालयातील प्रिंटरपासून गोदामातील फोनांपर्यंत सगळी किरकोळ दुखणी माझ्याच टेबलावर येतात. गोदामात अकरा अँड्रॉइड फोन आहेत. टॉवेलांची गाठ बांधून झाली की तिच्यावरचा बारकोड फोनने वाचायचा, काट्यावरचे वजन ॲपमध्ये भरायचे आणि नोंद जतन करायची, एवढेच त्यांचे काम. फोन कारखान्याचे असले तरी ज्याच्या हाती जो फोन त्याने त्याची भाषा आपापल्या सोयीने लावून घेतलेली आहे. सोलापूरच्या गोदामात हे ओघानेच येते. पूर्व भागातून येणाऱ्या अक्कांचे फोन तेलुगूत आहेत, अक्कलकोटकडून येणाऱ्या दोघांचे कन्नडमध्ये, काहींचे हिंदीत, उरलेले इंग्रजीत. मराठीत फोन ठेवणाऱ्या एकट्या मावशी होत्या, आणि बंद पडत होता तो त्यांचाच फोन.

ॲपची नवी आवृत्ती आल्यापासून हे सुरू झाले होते. मावशी बारकोड वाचत, वजन भरत, ‘जतन करा’ दाबत, आणि ॲप नाहीसे होऊन फोनचा मुख्य पडदा समोर येई. बाकीच्या दहा फोनांवर तीच आवृत्ती विनातक्रार चालत होती, त्यामुळे दोष फोनचाच आहे याबद्दल कोणाला शंका नव्हती. दुकानात दाखवून झाले होते, ‘सॉफ्टवेअर मारावं लागेल’ हे ऐकूनही झाले होते. ‘दादा, मारू द्या की एकदाचं,’ मावशी म्हणाल्या, ‘पण नातवाचे फोटो आहेत बगा त्यात.’ कारखान्याच्या फोनमध्ये नातवाचे फोटो असू नयेत असा नियम आहे. तो नियम मीच टंकलेला आहे. मी फक्त एका संध्याकाळपुरता फोन मागून घेतला.

संगणकावरून फोनशी बोलण्याच्या साधनाला एडीबी म्हणतात. अँड्रॉइड डीबग ब्रिज असे त्याचे पूर्ण नाव, आणि नावाप्रमाणेच तो एक पूल आहे. २०१७ सालापासून गूगलने हे साधन काही मोजक्या फाइलींच्या छोट्या संचात वेगळे उपलब्ध करून दिले आहे. त्याआधी त्याच्यासाठी ॲप बनवण्याचा सगळा पसारा उतरवून घ्यावा लागे. संगणकावर काळी खिडकी उघडायची, आज्ञा टंकायची आणि उत्तर वाचायचे, एवढाच व्यवहार. पण पुलावर पाय ठेवण्याआधी त्या संध्याकाळचा पाऊण तास मी केबलपायी घालवला. फोन चार्ज होत होता, संगणकाला मात्र तो दिसत नव्हता. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. स्वस्त केबलांमध्ये माहितीच्या दोन तारा कित्येकदा घातलेल्याच नसतात. असली केबल बाहेरून ओळखू येत नाही. आता माझ्या खणात चालणाऱ्या केबलीला लाल दोरा बांधलेला आहे, आणि ती कोणी नेली तर मी ओरडतो.

केबल बदलल्यावर फोनच्या बाजूचे दार उघडायचे असते. सेटिंगमध्ये जाऊन ‘बिल्ड नंबर’ या ओळीवर बोटाने सात वेळा टकटक करावे लागते. त्यानंतर आपण आता डेव्हलपर झालात अशा अर्थाची ओळ उमटते आणि एरवी न दिसणारे एक पान खुले होते. सातच वेळा का, असे गोदामातल्या एका पोराने विचारले तेव्हा दुसऱ्याने लगेच उत्तर दिले, ‘सिद्धरामेश्वराचे नंदीध्वज किती? सात.’ या उत्तरापुढे मी काही बोललो नाही. त्या पानावर यूएसबी डीबगिंग नावाची कळ असते. ती चालू करून केबल जोडली की फोनच्या पडद्यावर एक प्रश्न येतो : या संगणकाला परवानगी द्यायची का? खाली त्या संगणकाची ओळख पटवणाऱ्या सांकेतिक किल्लीचा ठसा अंक आणि अक्षरांच्या लांबलचक ओळीत दिसतो. २०१३ साली आलेल्या अँड्रॉइड ४.२.२ पासून हा प्रश्न विचारला जातो. त्याआधी ती कळ चालू असली तर कोणताही संगणक फोनशी थेट बोलू शकत असे. जोवर फोनवर ‘हो’ म्हटले जात नाही तोवर संगणकाच्या यादीत त्या फोनच्या क्रमांकापुढे ‘अनऑथोराइज्ड’ हा शब्द दिसत राहतो. हा प्रश्न मला पुढे फार वेगळ्या ठिकाणी आडवा आला, ते नंतर सांगतो.

एडीबीची तीन अंगे आहेत. आपण जिथे आज्ञा टंकतो ते पहिले. संगणकातच पडद्यामागे चालणारा आणि ५०३७ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे माहितीच्या ये-जा करण्याच्या दारावर, कान लावून बसलेला सर्व्हर हे दुसरे. फोनच्या आत बसून हुकूम पाळणारा एडीबीडी हे तिसरे. आपली आज्ञा पहिल्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाते आणि उत्तर त्याच वाटेने परतते. मधला सर्व्हर कधीकधी रुसतो. फोन जोडलेला असतो, केबल चांगली असते, परवानगीही दिलेली असते, तरी यादी कोरी येते. अशा वेळी ‘एडीबी किल-सर्व्हर’ अशी आज्ञा देऊन त्याला झोपवायचे आणि पुन्हा उठवायचे. येथे मीही मारण्याचाच मार्ग पत्करतो, हे मला मान्य आहे, पण मारला जातो तो निरोप्या. ज्याच्या पोटात नातवाचे फोटो आहेत त्याला धक्का लागत नाही.

पूल उभा राहिल्यावर मी ‘एडीबी लॉगकॅट’ ही आज्ञा दिली, आणि काळ्या पडद्यावर धबधबा सुरू झाला. फोन आपल्या आत घडणारी बारीकसारीक गोष्ट लिहून ठेवत असतो, याची कल्पना तो वापरणाऱ्याला नसते. पडद्याला बोट लागले, वायफायची शक्ती घटली, कुठल्याशा ॲपने जागा मागितली, कुठल्याशा ॲपला ती नाकारली गेली, सगळ्याची नोंद वेळेसह होते. प्रत्येक ओळीवर तिच्या गांभीर्याचे एक अक्षर असते. व्ही आणि डी ही बडबड, आय म्हणजे माहिती, डब्ल्यू म्हणजे इशारा, ई म्हणजे चूक आणि एफ म्हणजे प्राणांतिक. ही वही मात्र गोलाकार आहे. ठरावीक जागा भरली की नवी ओळ सर्वांत जुन्या ओळीच्या जागी बसते, आणि फोन बंद करून चालू केला की ही वही कोरी होते. फोन अडला की आपण सर्वांत आधी तो बंद करून चालू करतो, म्हणजे साक्षीदार बोलायच्या आत त्याची जबानी आपणच पुसतो.

नवख्याने हा धबधबा पाहिला तर तो घाबरतो, कारण ‘ई’ अक्षराच्या ओळी त्यात जागोजाग असतात. धडधाकट फोनही दर मिनिटाला डझनभर चुका नोंदवत असतो. तेव्हा कशाकडे लक्ष द्यायचे यापेक्षा कशाकडे द्यायचे नाही, हे कळायला मला अधिक दिवस लागले. आमच्या मागशाळेत मागांची देखभाल-दुरुस्ती पाहणाऱ्या जॉबरकाकांचे या बाबतीत मला नेहमी अप्रूप वाटते. तीस माग एकाच वेळी खडखडत असताना माझ्या कानांना फक्त गोंगाट ऐकू येतो. ते मात्र दारातून आत येता येता थांबतात आणि सातव्या मागाकडे वळतात, कारण त्याचा ठोका चुकलेला असतो. एकोणतीस मागांचा आवाज त्यांना ऐकूच येत नसतो. लॉगच्या, म्हणजे फोनच्या या नोंदवहीच्या, बाबतीत एवढी सिद्धी माझ्यापाशी नसल्यामुळे मी गाळणी लावतो. फक्त कोसळण्याच्या नोंदींची वेगळी वही मागता येते. मी ती मागितली, मावशींच्या जागी बसून बारकोड वाचला, वजन भरले आणि ‘जतन करा’ दाबले.

ॲप गेले. काळ्या पडद्यावर वीस-पंचवीस ओळी उमटल्या. पहिलीत ‘फेटल एक्सेप्शन’ हे शब्द, खाली ॲपचे नाव, त्याखाली ‘नंबर फॉरमॅट एक्सेप्शन’ आणि त्याच्यापुढे, आकडा म्हणून वाचता न आलेला मजकूर अवतरणात जसाच्या तसा : “१२.५०”.

इंग्रजी अक्षरांच्या त्या गर्दीत देवनागरीतले चार अंक आणि एक टिंब. फोनच्या अंतरंगात मराठी असे काही दिसेल अशी माझी अपेक्षा नव्हती, त्यामुळे मी ती ओळ बराच वेळ नुसता पाहत राहिलो. साडेबारा किलोची गाठ. काट्यावर साडेबारा, फोनवर साडेबारा, आणि तरीही ॲप म्हणत होते की हा आकडा नाही.

कारण उलगडायला रात्र गेली, पण उलगडले तेव्हा ते अगदी सरळ निघाले. नव्या आवृत्तीत वजन दशांशानंतर दोन घरांपर्यंत नेमके करण्याची सोय केली होती. त्यासाठी ॲप आकड्याचा आधी मजकूर बनवत होते आणि त्या मजकुराचा पुन्हा आकडा. मजकूर बनवताना भाषेचा वेगळा उल्लेख केला नाही, तर ॲप ज्या संगणकी भाषेत लिहिलेले असते ती जावा फोनची भाषा पाहते आणि त्या भाषेचे अंक वापरते. फोन मराठीत म्हणून १२.५० हे देवनागरीत लिहिले गेले. परत वाचणाऱ्याला मात्र दशांश आकड्यांत इंग्रजी अंकच कळतात. एकाच ॲपचा उजवा हात जे लिहीत होता ते डाव्या हाताला वाचता येत नव्हते.

मग हिंदीच्या फोनवर हे का घडत नव्हते? त्यांची लिपी तर तीच. याचे उत्तर, जगातल्या लिप्या संगणकात कशा साठवाव्यात हे ठरवणाऱ्या युनिकोडच्या, सीएलडीआर नावाच्या भांडारात आहे. कोणत्या भाषेत तारीख कशी लिहावी, आकडे कोणते वापरावेत, असले संकेत त्यात नोंदलेले असतात आणि जगभरातले फोन तेथूनच ते उचलतात. त्यात हिंदीचे नेहमीचे अंक इंग्रजी वळणाचे धरले आहेत. तेलुगू आणि कन्नड या भाषांना स्वतःचे अंक असूनही त्यांच्याही बाबतीत तसेच. मराठीचे नेहमीचे अंक मात्र देवनागरी धरले आहेत. ही नोंद चुकीची नाही. आपल्या पंचांगांत, वर्तमानपत्रांत, एसटीच्या पाट्यांवर आपण हेच अंक वाचत आलो आहोत. गोदामातल्या चार-पाच भाषांपैकी जिने आपले अंक सोडले नव्हते, नेमकी तीच अडकली होती. याचा अभिमान वाटावा की वैताग यावा, हे मला त्या रात्री ठरवता आले नाही. दोन्ही थोडे थोडे झाले असावे.

येथे मी त्या दुकानदाराच्या औषधाचा पुन्हा विचार केला. त्याने सॉफ्टवेअर मारले असते तर काय झाले असते? फोन कोरा झाला असता, त्याने सवयीने भाषा इंग्रजी ठेवली असती, आणि ॲप चालू लागले असते. मावशींनी पैसे दिले असते, दुकानदाराचे निदान खरे ठरले असते, आणि आम्हा सर्वांच्या मनात एक निष्कर्ष कायमचा बसला असता की फोन मराठीत ठेवला की बिघडतो. असल्या निष्कर्षांना पुढे कोणी तपासत नाही. ‘संगणकाला मराठी सोसत नाही’ हे वाक्य मी अनेक कार्यालयांत ऐकले आहे, आणि त्याच्या मुळाशी असेच कोणाचे तरी न विचारलेले बिघाड असणार, असा माझा आता पक्का संशय आहे.

जॉबरकाकांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी टॉवेलाची गोष्ट काढली. टेरी टॉवेलाच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभे धागे गुंडाळलेले, दोन बीम असतात, एक मूळ कापडाचा आणि एक वर उठणाऱ्या फाशांचा. टॉवेलावर एका पट्ट्यात फासे आखूड पडू लागले, तर नवशिका मागवाला सगळा बीमच खराब आला म्हणून उतरवायला निघतो. त्यांनी स्वतः आयुष्यात बीम मोजक्याच वेळा उतरवला. बहुतेक वेळा ताणाचे वजन सरकलेले असते, किंवा फणीच्या एका घरात दोन धागे गेलेले असतात. ‘बीम उतरवणाऱ्याला पगार मिळतो,’ काका म्हणाले, ‘पण त्याला जॉबर म्हणत नाहीत.’

ॲप बनवणाऱ्या पुण्याच्या मंडळींना मी त्या ओळींसह पत्र पाठवले. उत्तर येईपर्यंत मावशींचे काम थांबवणे शक्य नव्हते आणि त्यांचा फोन इंग्रजीत करणे मला पटत नव्हते. अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक ॲपला वेगळी भाषा देता येते, आणि ती एडीबीच्या शेलमधून, म्हणजे फोनच्या आत थेट आज्ञा टंकण्याच्या सोयीतून, एका आज्ञेनेही देता येते. मी तेवढ्या एका ॲपची भाषा इंग्रजी केली, उरलेला फोन मराठीत राहू दिला. ॲप चालू लागले. मावशींनी पडद्याकडे पाहून फक्त एवढेच विचारले की ‘जतन करा’ कुठे गेले, आणि मी त्यांना ‘सेव्ह’ची जागा दाखवली.

त्या रात्रीनंतर या काळ्या खिडकीचे मला वेडच लागले. अकरा फोनांची देखभाल एकेक फोन हातात घेऊन करणे म्हणजे दिवसाचे काम. अनेक केबली एकत्र जोडणाऱ्या यूएसबी हबवर सगळे फोन एकदम जोडले आणि प्रत्येकाच्या अनुक्रमांकाने आज्ञा दिली, तर तेच काम चहा निवेपर्यंत होते. एकाहून अधिक फोन जोडलेले असताना क्रमांक न सांगता आज्ञा दिली, तर एडीबी काम करत नाही, कोणता फोन ते सांगा असे ठणकावते. हा हेकटपणा मला आवडतो. क्रमांकांच्या यादीवरून फिरणारी चार ओळींची आज्ञावली मी लिहून ठेवली आहे. ती प्रत्येक फोनला अँड्रॉइडची आवृत्ती, उरलेली जागा आणि लावलेली भाषा विचारते व उत्तरे एकाखाली एक मांडते. ॲपची नवी आवृत्ती घालायची असेल तर तीही याच वाटेने जाते.

या वेडात एकदा हात पोळला. फोनासोबत येणारी खेळांची आणि खरेदीची नको ती ॲपे काढून टाकण्याचा उत्साह मला आला. पडद्यावरून जी निघत नाहीत ती शेलमधून, सध्याच्या वापरकर्त्यापुरती, काढता येतात. यादीत नाव कळले नाही की काढून टाक, असा सपाटा लावल्यावर तिसऱ्या फोनवर कीबोर्डच उघडेना. मी कंपनीने दिलेला कीबोर्ड उडवला होता आणि त्याच्या जागी दुसरा घातलेला नव्हता. सुदैवाने अशा रीतीने काढलेले ॲप फोनच्या मूळ भागात शिल्लक असते, आणि ‘इन्स्टॉल-एक्झिस्टिंग’ या आज्ञेने परत येते. आले. दुकानदाराला नावे ठेवणाऱ्या माणसाने न विचारता मारल्याचा हा प्रकार मी कारखान्यात कोणाला सांगितलेला नाही.

तेव्हाच आणखी एक उद्योग केला. संगणकावरून फोनमध्ये मजकूर टंकण्याची आज्ञा आहे, तिच्यातून मावशींच्या फोनवर ‘नमस्कार’ पाठवून पाहिला. आज्ञाच कोसळली. ती इंग्रजी कळफलकावर उमटणारी अक्षरेच तेवढी पोचवू शकते. मराठी त्या वाटेने आत जात नाही.

उन्हाळ्यात दुसरे दुखणे आले. सोलापूरचा मे महिना ज्याने पत्र्याच्या शेडखाली काढला आहे त्याला मी काय सांगावे. दुपारी दोननंतर खिडकीजवळच्या टेबलावरचा एक फोन मंद होई, त्याचे चार्जिंग थांबे, आणि कधीकधी तो आपणहून बंद होई. बॅटरी गेली, नवी टाका, असे सर्वांचे मत पडले. मी ‘डम्पसिस बॅटरी’ विचारले. फोन यावर दहा-पंधरा ओळींत उत्तर देतो : किती टक्के, चार्जिंग चालू की बंद, किती मिलिव्होल्ट, प्रकृती कशी. तापमानापुढे ४७३ हा आकडा पाहून मी दचकलो. ते अंशाच्या दहाव्या भागात असते, म्हणजे ४७.३ अंश सेल्सिअस. प्रकृतीपुढे ३ होते. २ म्हणजे ठीक आणि ३ म्हणजे अतितापलेली. सकाळी आठ वाजता त्याच फोनने तापमान ३१० आणि प्रकृती २ सांगितली होती. बॅटरी शाबूत होती, टेबल चुकीच्या जागी होते. दुपारच्या वेळी पत्र्यातल्या पारदर्शक तुकड्यातून ऊन नेमके त्या टेबलावर उतरत होते आणि फोन त्याच वेळी चार्जिंगला लावलेला असे. टेबल सहा फूट सरकवले. पारदर्शक तुकड्यावर एक नाकारलेला टॉवेलही टाकला आहे, तो अजून तिथेच आहे.

मालकांचा आयफोन एकदा माझ्याकडे आला होता. त्याच्यासाठी एडीबी नाही. लिनक्सवर लिबआयमोबाइलडिव्हाइस नावाची मुक्त साधने आहेत, त्यांतून फोनची माहिती आणि त्याचा चालू लॉग पाहता येतो. तिथेही केबल जोडल्यावर फोन आधी विचारतो की या संगणकावर विश्वास ठेवायचा का. मालकांनी ‘नको’ दाबले आणि फोन खिशात ठेवला. विषय तिथेच संपला.

आता त्या परवानगीच्या प्रश्नाकडे येतो. माझ्या धाकट्या बहिणीचा फोन जिन्यावरून पडला. पडदा काळाठिक्कर, आत फोन जिवंत, घंटी वाजत होती. आमच्या आईच्या शेवटच्या वर्षातले बरेचसे फोटो त्याच्यात होते. दादा संगणकावरून फोन उघडतो एवढे तिला ठाऊक होते, त्यामुळे ती जुळे सोलापूरहून रिक्षा करून थेट माझ्याकडे आली. स्कर्सीपी नावाचे एक सुंदर साधन २०१८ पासून उपलब्ध आहे. फोनचा पडदा ते संगणकावर दाखवते आणि माऊसने चालवू देते. ते एडीबीवरच उभे आहे. पण तिच्या फोनवर यूएसबी डीबगिंगची कळ कधीच चालू केलेली नव्हती, आणि ती चालू करायला, मग परवानगीवर ‘हो’ म्हणायला, पडदाच लागतो. मी केबल जोडली, यादी मागितली. यादी कोरी. सर्व्हर झोपवून उठवला. कोरी. ती समोर बसून माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. शेवटी तिला नवा पडदा बसवायला पाठवले. त्याचा खर्च फोनच्या किमतीच्या अर्ध्याला पोचला, आणि फोटो मिळाले. ते बसवून देणाराही एक मोबाइल दुकानदारच होता, आणि काम त्याने नेटके केले.

त्या संध्याकाळी मला त्या प्रश्नाचा राग आला होता. पुढे दीड महिन्याने एका ओळखीच्या गृहस्थांनी बायकोचा फोन माझ्या टेबलावर ठेवला आणि ‘ती कोणाशी बोलते तेवढं काढून द्या, तुम्हाला येतं ना ते,’ असे म्हणाले. मी केबल खणातून काढलीच नाही. तिला स्वतः घेऊन या आणि तिलाच ‘हो’ दाबू द्या, असे सांगितले. ते परत आले नाहीत आणि आता रस्त्यात भेटले तरी बोलत नाहीत. बहिणीच्या फोनपुढे मला हतबल करणारा प्रश्न आणि या गृहस्थांना मी विचारलेला प्रश्न एकच होता, आणि एकीकडे तो नसावा व दुसरीकडे असावा, असे मला म्हणता येत नाही. हे दार उघडे टाकल्याने काय होते याचा दाखला २०१८ च्या प्रारंभी मिळाला होता. केबलीविना जोडण्यासाठीचे ५५५५ हे पोर्ट उघडे राहिलेल्या फोनांत आणि टीव्हीच्या खोक्यांत एक घातक प्रोग्राम शिरला आणि कोणालाही न विचारता आभासी चलन खणण्यासाठी ती उपकरणे राबवू लागला. २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून केबलीविना जोडतानाही फोनवर दिसणारा सहा अंकी आकडा संगणकावर भरावा लागतो. गोदामातील कामे संपली की मी अकराही फोनांवरची ती कळ बंद करतो. दर वेळी पुन्हा चालू करण्याचा कंटाळा येतो, तरी करतो.

पुण्याहून उत्तर तीन आठवड्यांनी आले. चूक मान्य होती. मजकूर बनवताना भाषा स्पष्ट सांगायची राहून गेली होती, आणि ॲप लिहिण्याचे साधनही अशा जागी इशारा देते, तो इशारा कोणीतरी दुर्लक्षिला होता. त्यांच्या चाचणीचे सगळे फोन इंग्रजीत होते. दुरुस्ती कोणत्या आवृत्तीत घालायची हे ठरवण्यासाठी त्यांनी एक प्रश्न विचारला होता : आपल्याकडे मराठीत फोन वापरणारे किती जण आहेत? पत्र मराठीतच होते. मी एका शब्दात उत्तर लिहिले, ‘एक’, आणि मग त्याखाली, त्यांना नको असलेला, सव्वा पानाचा मजकूर.

दुरुस्त आवृत्ती पुढच्या महिन्यात आली. मी ती हबवरून अकराही फोनांत घातली, मावशींच्या ॲपची भाषा पुन्हा फोनच्या भाषेवर सोडली, आणि त्यांनी माझ्यासमोर एक गाठ नोंदवली. पडद्यावर ११.७५ उमटले, देवनागरीत, आणि ‘जतन करा’ दाबल्यावर ॲप जागच्या जागी राहिले. ‘आलं की परत माझं बटण,’ त्या म्हणाल्या. खातरी म्हणून मी माझी चार ओळींची आज्ञावली चालवली. अकरा फोनांनी एकाखाली एक आपापली भाषा सांगितली. मराठीची खूण एकदा येईल असे धरून चाललो होतो, ती तीनदा आली. इंग्रजीतल्या दोन पोरांनी मधल्या काळात कधीतरी आपले फोन बदलून घेतले होते.